पाय रोवा

आमच्या घरात आई आणि बाबा एकमेकांना हात लावत नसत. भांडण नव्हतं काही, रीतच तशी होती. बाबा दिवाणावर बसले की आई समोरच्या वेताच्या खुर्चीवर. बाजारात बाबा चार पावलं पुढे, आई पिशव्या घेऊन मागे. फोटो काढायचा तर दोघांच्या मध्ये मी, आणि मी नसले तर माझ्याएवढी रिकामी जागा. वर्षातून एकदा सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी म्हणायचे, वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा. तेव्हा आई, इस्त्री तापलीय का बघावं तशी, दोन बोटं बाबांच्या कोपराला टेकवायची आणि लगेच मागे घ्यायची. मला लहानपणी त्याचं इतकं हसू यायचं की प्रसाद मिळेपर्यंत मी तोंडावर हात धरून बसायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोटाळा यातूनच झाला.

गेल्या दिवाळीनंतर बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. एका मोठ्या हॉस्पिटलात जीव वाचला, आणि मग तिथले डॉक्टर म्हणाले, आमचं काम झालं, आता रिहॅबला न्या. रिहॅब म्हणजे दारू सोडवायला नेतात ते, एवढंच मला ठाऊक. मग कळलं की म्हाताऱ्या माणसांना पुन्हा बसायला, उभं राहायला, घास गिळायला शिकवणारी हॉस्पिटलं असतात. तसलं एक सेंटर आम्हाला गुरुग्रामला, एका मॉलच्या मागे सापडलं. मी सरकारी नोकरीत, सेक्शन ऑफिसर, राहते नोएडाला, आणि आईबाबांना एकुलती एक. ते दोघं दिल्लीत, मुनिरकाच्या फ्लॅटमध्ये, तळमजल्यावर. म्हणजे नोएडा, मुनिरका, गुरुग्राम असा माझा त्रिकोण झाला. त्यात हिवाळ्याचा तो धुरकट दिवस कधी उगवायचा आणि कधी मावळायचा, पत्ता लागायचा नाही.

सेंटरच्या मधल्या मजल्यावर व्यायामाचा मोठा हॉल होता. एक भिंत पूर्ण आरशाची, चालायला शिकण्यासाठी दोन समांतर दांड्या, आणि कोपऱ्यात एक लाकडी जिना, जो चढून तसाच पलीकडे उतरायचा, कुठेही न पोचता. पहिल्यांदा बाबांना तिथे बसतं केलं तेव्हा ते सैल मळलेल्या कणकेसारखे उजवीकडे कलंडले. मी बाहेर जाऊन ढसाढसा रडले. आयुष्यभर ताठ बसलेला माणूस, ऑफिसात ज्यांच्या टेबलासमोर लोक उभे राहायचे, ते असे. पण हळूहळू बदल दिसायला लागला. पलंगाच्या कडेला आपले आपण बसू लागले, डाव्या हाताने चमचा धरू लागले. अटेंडंटने समोरून धरलं की डाव्या पायावर जोर देऊन उठायचे, वळायचे, खुर्चीत बसायचे. बोलणंही यायला लागलं, पण एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढल्यासारखा.

आणि वरचा मजला होता. तिथे कायमचे राहणारे. मी एकदा बघून आले. स्वच्छ होतं, नाही कशाला म्हणू? वास नव्हता, नर्सा गोड बोलत होत्या. पण टीव्हीवर भजनं लागलेली, त्यापुढे चाकांच्या खुर्च्यांची रांग, आणि रांगेतल्या कुणाचंही टीव्हीकडे लक्ष नाही. एका आजींनी माझी ओढणी धरली आणि गाडी आली का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही अजून. त्या म्हणाल्या, अच्छा, आणि परत दाराकडे बघत बसल्या. खाली येऊन मी आईला सांगितलं, छान आहे गं, ऊन येतं. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याची बाटली भरायला निघाले.

सेंटरचा एक नियम होता. पेशंटला घरी सोडायचं तर घरात जे माणूस कायम असणार, त्याने पेशंटला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर एकट्याने हलवून दाखवायचं, थेरपिस्टच्या डोळ्यांदेखत, बिनचूक जमेपर्यंत. नाही जमलं तर डॉक्टर घरी न्या म्हणणार नाहीत, वरच्या मजल्यावर ठेवा म्हणणार. मी म्हटलं, घरी अटेंडंट ठेवू की. थेरपिस्ट म्हणाली, ठेवाच, पण अटेंडंट गावी जातो, आजारी पडतो, एक दिवस फोनच उचलत नाही, मग अंकलना बाथरूमला कोण नेणार? बरोबरच होतं तिचं. माझ्याकडे नोएडाला चला म्हटलं तर बाबांनी मान हलवली. लेकीच्या घरी कायमचं राहायला जाणं त्यांच्या अजून जिवावर येतं. मीही फार ताणलं नाही, कारण माझ्या घरी तरी दिवसभर कोण असतं? राहिली आई.

आईची पंचाहत्तरी जवळ आलेली. उंचीने माझ्या खांद्याला लागते. पण तिने घर आधीच बाबांसाठी लावून ठेवलं होतं. पायपुसणी उचलली, दारातली लाकडी पट्टी काढून टाकली, दिवाणाखाली विटा घालून तो उंच केला, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. गॅलरीतली तुळस एका कोपऱ्यात सरकवली, का तर चाकांची खुर्ची तिथे उन्हात वळली पाहिजे. रोज मऊ भाताचा डबा घेऊन ती सेंटरला यायची आणि बाबांना चमच्या-चमच्याने भरवताना सांगायची, आज नळ दुरुस्त झाला, आज खिडकीची काच बसवली. बाबा घरी येणार की नाही असा प्रश्न तिला पडलेलाच नव्हता. कधी, एवढंच विचारायची.

थेरपिस्ट रोहतकची होती. वय कोवळं, आवाज खणखणीत, हॉलच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हुकूम सोडायची. तिने आईला शिकवलं. पेशंटच्या कंबरेला रुंद पट्टा बांधायचा. त्याच्यासमोर उभं राहायचं, त्याचा लुळा गुडघा आपल्या दोन गुडघ्यांमध्ये धरायचा. हात त्याच्या काखेखालून मागे नेऊन पट्टा पकडायचा, त्याला अंगाशी घेऊन पुढे ओढायचं, आणि तो उठला की वळवून खुर्चीत बसवायचं. "कुछ नहीं है आंटी," ती म्हणाली, "अंकल को जप्फी डालनी है बस." जप्फी म्हणजे मिठी. भरल्या हॉलमध्ये, आरशासमोर.

आई कानापर्यंत लाल झाली. पदर खोचला, काढला, पुन्हा खोचला. शेजारच्या गादीवर एक पंजाबी जोडपं होतं. त्यातली बायको नवऱ्याला धरून उठवता उठवता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती आणि तो उभा राहिला की गालाचा पापा घेत होती. आईने त्यांच्याकडे पाठ केली. मग बाबांसमोर उभी राहिली आणि पट्टा धरला. बाबा आरशाकडे बघत होते. थेरपिस्टने हुकूम दिला, आईने ओढलं, आणि बाबा जरासे उठून धपकन खाली बसले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग तर दोघंही कलली आणि अटेंडंटने धावत येऊन सावरलं. आई पुटपुटली की इथे नको, घरी करीन मी. मी कपाळाला हात लावला.

पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं. अटेंडंटने धरलं की बाबा उठायचे. आईने धरलं की खाली. हॉलमध्ये सगळ्यांनी ठरवून टाकलं की आंटी शरमाती हैं, नीट धरतच नाहीत. मीही तेच धरून बसले. मी तर साक्षीदारच होते ना, इस्त्रीची दोन बोटं बघत वाढलेली. थेरपिस्टने बिचारीने एक दिवस भोवती हिरवा पडदा ओढून दिला. पडद्याआडही बाबा धपकन खाली. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण माझं डोकं म्हणजे एकदा एक गोष्ट घुसली की तिथे दुसरीला जागा नाही.

रविवारी मी मुनिरकाला गेले आणि आईला म्हटलं, चल, आज मी बाबा. उठव मला. विटांवरच्या दिवाणाच्या कडेला बसले, उजवं अंग सैल सोडलं. आईने माझीच ओढणी माझ्या कंबरेला बांधली. माझं वजन बाबांपेक्षा फार कमी नाही, हे मी मुकाट्याने कबूल करते. माझा गुडघा आईने गुडघ्यांत धरला, हात मागे नेले, आणि शप्पथ सांगते, एका दमात मला उभं केलं. आईने मला असं जवळ घेऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता, हाताला हिंगाचा. मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं आणि वाटलं, ही आता मला सोडू नये. तिने मला वळवलं, खुर्चीत बसवलं, आणि कंबरेवर हात ठेवून थोडी थांबली. मी विचारलं, दुखतंय का? ती म्हणाली, छे. आईला काहीही विचारा, ताप आहे का, दमलीस का, दुखतंय का, उत्तर एकच. छे.

यानंतर तर माझं पित्तच खवळलं. ताकद आहे, तंत्र येतंय, मग अडलंय कुठे? दुसऱ्या दिवशी कॅबमध्ये मी तिला फैलावर घेतलं. महिपालपूरला ट्रॅफिक तुंबलेला, डोक्यावरून विमानं उतरत होती आणि माझं तोंड सुटलं होतं. म्हटलं, अगं जन्मभर त्यांचा संसार केलास, त्यांची अंतर्वस्त्रं धुतलीस, आणि आता चार परक्या माणसांसमोर त्यांना धरायला तुला लाज वाटते? तुझ्या लाजेपायी ते वरच्या मजल्यावर जाणार आहेत, टीव्हीसमोरच्या रांगेत. ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, पण त्यानेही गाण्याचा आवाज कमी केला. आई खिडकीतून बाहेर बघत होती. तिकडेच बघत म्हणाली की असेल, माझंच चुकत असेल. तरी माझा राग काही उतरला नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. वरच्या मजल्यावर खिडकीजवळची एक जागा रिकामी होतेय, घ्यायची तर सोमवारपर्यंत सांगा, नंतर मिळेलच असं नाही. ती रिकामी कशी होतेय, ते मी विचारलं नाही. बाहेर आले तर थेरपिस्ट त्या कुठेही न पोचणाऱ्या जिन्यापाशी उभी होती. तिने मला बाजूला घेतलं. एरवी सगळ्यांवर ओरडणारी पोरगी, आवाज एकदम खाली आणून बोलली.

"दीदी, आंटी को मत डाँटा करो. आंटी बिल्कुल ठीक कर रही हैं. अंकल पैर छोड़ देते हैं."

मला कळेना. मग तिने समजावून सांगितलं. बाबांचा डावा पाय शाबूत आहे. अटेंडंट धरतो तेव्हा ते त्या पायावर जोर देतात. आंटी धरतात तेव्हा ऐन उठायच्या वेळी तोच पाय सैल सोडतात, आणि हे आजाराने होत नाही. तिला आधी नुसती शंका होती, म्हणून काल तिने खाली वाकून त्यांच्या मांडीला हात लावून पाहिलं. अंकल मुद्दाम पडतायत, ती म्हणाली. का, ते तुम्ही विचारा.

बाबा सेंटरच्या गच्चीवर उन्हात होते, कानटोपी घालून, मांडीवर शाल. मी समोर स्टूल ओढून बसले आणि सरळच विचारलं. आधी त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. माझ्या लहानपणापासूनची त्यांची ही सवय आहे, नको असलेला प्रश्न आला की पेपर वर करायचे. आता पेपर नव्हता. मी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "वर जागा आहे ना? घे."

मी चिडले. पेशंटवर चिडू नये हे मलाही कळतं, पण मी त्यांची मुलगी आहे, नर्स नाही. म्हटलं, आईने तिकडे दिवाणाखाली विटा घातल्यात, तुळस हलवलीय, रोज डबा घेऊन येते, सगळा हॉल तिला हसतो, मी तिला नको नको ते बोलले, आणि तुम्ही मजेत पाय सोडताय? बाबांनी डावा हात उचलला आणि पोटावरून नेत कंबरेच्या पट्ट्यावर ठेवला.

"तिची कंबर," ते म्हणाले. दम घेतला. "माझ्या आईनं खाल्ली. मी बघत बसलो."

आजी, म्हणजे बाबांची आई, मी शाळेत असताना आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये अंथरुणाला खिळून होती. एकदोन महिने नव्हे, वर्षानुवर्षं. तिला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, कूस बदलणं, सगळं आई एकटी करायची. तेव्हा पट्टा कसला आणि तंत्र कसलं, नुसतं ओढायचं. बाबा सकाळी आजीच्या पाया पडून ऑफिसला जायचे आणि संध्याकाळी आले की आजीला विचारायचे, बरी आहेस ना? आईला कधी काही विचारलेलं मला आठवत नाही. आजी गेली तोवर आईच्या कंबरेला डॉक्टरांनी दिलेला बदामी पट्टा आला होता. साडीवरून बांधायची ती. मला कितीतरी वर्षं वाटायचं की सगळ्या आया असा पट्टा बांधतात.

गच्चीवर बाबा रडत नव्हते, मीच रडत होते. ते म्हणाले, आता माझं ओझं नको तिच्यावर. मग म्हणाले, तिला सांगू नको. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस आईच्या कंबरेबद्दल बोलला होता, आणि तेही तिच्या माघारी. मला त्यांचा राग आला, दयाही आली, आणि कुठलं आधी आलं ते मला आजही सांगता येणार नाही.

आईला मी सांगितलं. पोटात ठेवणं मला कधी जमलेलंच नाही. ती पॅन्ट्रीच्या बेसिनपाशी डबा विसळत होती. मी म्हटलं, बाबा मुद्दाम पाय सोडतात. ती डबा विसळतच राहिली. म्हणाली, "माहितेय मला. पहिल्याच दिवशी कळलं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मग बोलली का नाहीस, मी विचारलं. ती म्हणाली, चारचौघांत काय सांगायचं, हे मुद्दाम पडतायत म्हणून? त्यांना काय वाटलं असतं? त्यापेक्षा मला लाजरी म्हटलेलं परवडलं. मग तिने डब्याचं झाकण पुसायला घेतलं, कोरडं झालं तरी पुसतच राहिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं, माझ्या हाताचं त्यांना नको झालंय. परका माणूस चालतो, मी नको."

इतके दिवस ही बाई हा काटा पोटात घेऊन मऊ भात शिजवत होती. मी तिला सगळं सांगितलं, आजीचं, कंबरेचं, मी बघत बसलो म्हणाले ते. मला वाटलं ती विरघळेल, रडेल. कसलं काय! तिचा चेहरा घट्ट होत गेला. डब्याचं झाकण लावलं ते इतक्या जोराने की नंतर मला उघडेना. डबा माझ्या हातात दिला आणि तरातरा हॉलकडे निघाली. मी मागोमाग.

दुपारची वेळ, हॉल गच्च भरलेला. बाबांना नुकतंच खाली आणून गादीच्या कडेला बसवलं होतं. थेरपिस्ट पडदा ओढायला निघाली, आईने हातानेच नको म्हटलं. पदर एकदाच खोचला. बाबांचा गुडघा गुडघ्यांत धरला, हात मागे नेऊन पट्टा पकडला. बाबांनी सवयीने आरशाकडे मान वळवली. आई त्या हॉलमध्ये कधी मोठ्याने बोललेली नव्हती. आता बोलली. ते मराठी तिथे आम्हा तिघांशिवाय कुणाला कळणारं नव्हतं, पण सगळे वळून बघायला लागले.

"माझ्या कंबरेचं तेव्हा विचारलं नाहीत. आता विचारू नका. मला तुम्ही घरी हवे आहात. पाय रोवा."

बाबांनी मान आरशाकडून तिच्याकडे वळवली. आई वाट बघत तशीच वाकून उभी. मग तिने ओढलं, आणि बाबांचा डावा पाय जमिनीला घट्ट लागलेला मी डोळ्यांनी बघितला. बाबा उठले. आईचं डोकं त्यांच्या छातीला टेकलेलं, बाबांचा चांगला हात तिच्या पाठीमागून कंबरेवर आलेला, नेमका दुखऱ्या जागी. मध्ये जराही जागा नाही असे आईबाबा मी पहिल्यांदा बघितले, माझ्या एवढ्या वयात. थेरपिस्ट म्हणत होती, टर्न आंटी, टर्न. आई वळायचंच विसरली होती. मग वळली, त्यांना खुर्चीत बसवलं, पदर सोडला आणि बाथरूममध्ये गेली. बराच वेळ नळ चालू होता. शेजारच्या पंजाबी बाईंनी मला हाताशी धरून विचारलं, आंटी काय म्हणाल्या? मी म्हटलं, काही नाही, उठा म्हणाल्या.

त्यानंतर रोज जमलं, आणि बाबा घरी आले. इथे थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण घरी आल्यावर वजन काही कमी होत नाही. अटेंडंट आला, थोडे दिवस टिकला, गावी गेला. दुसरा आला, त्याचा फोन लागेना. थेरपिस्टने सांगितलेलं अगदी तसंच. आईने कपाटातून जुना बदामी पट्टा काढला, त्याचं इलॅस्टिक गेलेलं, म्हणून नवा आणला. आता घरात दोन पट्टे आहेत, दोघांचे दोन, आणि गॅलरीत वाळत घातले की कुठला कुणाचा ते मला ओळखू येत नाही.

मला रोज भीती वाटते, सरळ सांगते. ऑफिसात फोन वाजला आणि आईचं नाव दिसलं की हातातलं टाकून मी बाहेर पळते. दोघांपैकी एक पडलं तर दुसरंही पडणार, कारण धरलेलंच तसं असतं. खिडकीजवळची ती जागा घेतली असती तर बरं झालं असतं का? मीटिंगमध्ये, मेट्रोमध्ये, भाजी चिरताना हा प्रश्न येतो. बाबा सकाळी उन्हात बसतात, आई त्यांच्यापाशी, बाजूच्याच खुर्चीवर, शेंगा सोलत बसते. ते बघितलं की वाटतं झालं ते योग्यच झालं. मग उठायची वेळ येते आणि आईचे ओठ आवळलेले दिसतात, की पुन्हा तोच प्रश्न. मी नोएडाहून किती धावणार? आणि बाबांना उचलायला गेले तर आई मला बाजूला करते. तुला जमायचं नाही, म्हणते.

परवाच्या रविवारी मी तिथेच होते. अटेंडंट आला नव्हता. बाबांना गॅलरीतून आत घ्यायचं होतं. आई पुढे झाली, साडीवरून तिचा पट्टा, शर्टावरून त्यांचा. गुडघा गुडघ्यांत घेतला, हात मागे नेले. बाबा उठेनात. मी म्हटलं, पुन्हा सुरू झालं की काय. पण बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. विचारू नका म्हणून तिने बजावलेलं असूनही त्यांनी विचारलं, एकाच शब्दात, न अडखळता.

"दुखतंय?"

मी आईच्या ‘छे’ची वाट बघत होते. जन्मभर तेच ऐकलंय.

"हो," आई म्हणाली. "खूप दुखतंय. पाय रोवा."

बाबांनी पाय रोवला.